खाडीच्या पाण्याचे प्रगतिपुस्तक

खाडीच्या पाण्याचे नमुने घेणे, ते प्रयोगशाळेत तपासणे आणि त्यांचे आकडे नोंदवून ठेवणे हे काम जगभरातील शासकीय यंत्रणा कित्येक दशके करीत आल्या आहेत. तथापि, हे आकडे ज्यांच्या निर्णयासाठी गोळा केले जातात, त्या लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना त्यांतून नेमके काय समजते, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. महापालिकेच्या स्थायी समितीपुढे मैलापाणी प्रक्रिया केंद्राचा प्रस्ताव येतो, तेव्हा सदस्यांच्या हाती जोडपत्र म्हणून चाळीस पानांचे कोष्टक पडते. त्यात सामू, क्षारता, विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी, नायट्रेट, विष्ठाजन्य जिवाणू अशा रकान्यांत शेकडो आकडे असतात. ते सर्व बरोबर असूनही खाडी बिघडते आहे की सुधारते आहे, बिघाड कुठून येतो आणि मागितलेला पैसा खर्च केल्यास काय बदलेल, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात सापडत नाहीत. मग निर्णय होतो तो अन्य कारणांवरून.

ही दरी कशी बुजवावी, याचे एक शास्त्र गेल्या तीन दशकांत उभे राहिले आहे. त्यातील सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक खाडीचे आहे. तेथे आकड्यांची कधीच वानवा नव्हती. चूक झाली ती सादरीकरणात, आणि तिची दुरुस्तीही सर्वांसमक्ष झाली.

खाडीचे मापन अवघड का?

नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जेथे एकमेकांत मिसळते, तो निमखाऱ्या पाण्याचा पट्टा म्हणजे खाडी. येथे पाणी एकाच दिशेने वाहत नाही. दिवसातून दोनदा ते आत शिरते आणि दोनदा बाहेर पडते. त्यामुळे एकाच ठिकाणी सकाळी ओहोटीला घेतलेला नमुना आणि दुपारी भरतीला घेतलेला नमुना जणू दोन वेगळ्या जलाशयांतील वाटावेत इतके भिन्न असू शकतात. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतही फरक पडतो. मुंबईलगत उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीच्या पातळीतील अंतर चार मीटरहून अधिक असते. अशा ठिकाणी नमुना कोणत्या वेळी घेतला हे न सांगता दिलेला आकडा अर्धवटच ठरतो.

ऋतुमानाचा परिणाम तर याहून मोठा. कोकण आणि गोव्यातील खाड्यांना वर्षाचे बहुतेक गोडे पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळते. पावसाळ्यात मांडवी-जुवारीसारख्या खाड्यांचे वरचे पाणी जवळपास गोडे होते; उन्हाळ्यात खारे पाणी आत दूरवर सरकते. साहजिकच पावसाळी आणि उन्हाळी आकड्यांची एकत्र सरासरी काढली, तर ती प्रत्यक्षात कोणत्याच महिन्याचे वर्णन करीत नाही.

तिसरी अडचण खोलीची. खारे पाणी जड असल्याने तळाशी राहते व गोडे पाणी त्यावर पसरते. हे थर एकमेकांत मिसळले नाहीत, तर तळाकडे नवा प्राणवायू पोहोचत नाही. शेतांतून आणि मैलापाण्यातून आलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर सूक्ष्म शेवाळ माजते, मरून तळाशी बसते आणि कुजताना तेथील प्राणवायू संपवते. पृष्ठभागावरचे पाणी निकषात बसते आणि त्याच वेळी खाली मासे, खेकडे गुदमरतात. लिटरमागे २ मिलिग्रॅमहून कमी प्राणवायू असलेल्या अशा भागास सर्वसाधारणपणे 'मृत पट्टा' म्हटले जाते.

चेसापीकचा धडा

चेसापीक ही अमेरिकेतील सर्वांत मोठी खाडी. लांबी सुमारे ३२० किलोमीटर, सरासरी खोली मात्र अवघी साडेसहा मीटरच्या आसपास. सहा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून सुमारे १ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर प्रदेशाचे पाणी तिच्यात येते. १९८३ मध्ये मेरिलँड, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन शहर, केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्था (ईपीए) आणि चेसापीक बे कमिशन यांनी खाडीच्या पुनरुज्जीवनाचा करार केला. पुढील वर्षापासून नियमित जलमापन सुरू झाले. १९८७ च्या करारात नायट्रोजन व फॉस्फरसचे प्रमाण २००० सालापर्यंत ४० टक्क्यांनी घटविण्याचे ठरले. ते उद्दिष्ट पूर्णतः साध्य झाले नाही.

मापन होत होते, अहवाल निघत होते, पैसाही मिळत होता. १९९५ ते २००४ या दहा वर्षांत सुमारे ३.७ अब्ज डॉलर थेट निधी या कामी उपलब्ध झाला. मात्र ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकी संसदेच्या वतीने शासकीय कामकाजाची तपासणी करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस (जीएओ) या संस्थेने आपला अहवाल दिला आणि कार्यक्रमाच्या सादरीकरणातील दोष नेमकेपणाने दाखविले. कार्यक्रमाकडे १०१ मापदंड होते, पण ते एकत्र करून खाडीची एकंदर प्रकृती सांगणारी पद्धत नव्हती. त्याहून गंभीर बाब म्हणजे प्रत्यक्ष मोजलेले आकडे, संगणकीय प्रारूपातून काढलेले अंदाज आणि हाती घेतलेल्या कामांची प्रगती ही सगळी एकाच अहवालात सरमिसळ करून छापली जात होती. परिणामी, खाडीचे चित्र वस्तुस्थितीपेक्षा अधिक गुलाबी दिसत होते.

हा दोष नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो कोणत्याही देशात घडू शकतो. येथे कोणी खोटे आकडे लिहिले नव्हते. शेताच्या कडेला झाडांचा पट्टा लावला, प्रक्रिया केंद्राची सुधारणा केली, की प्रारूप सांगे, नदीत जाणारा नायट्रोजन इतक्या टनांनी घटला. पण झाडे वाढायला वर्षे लागतात. भूजलात आधीच उतरलेला नायट्रोजन कित्येक वर्षे, काही ठिकाणी दशके, झिरपत राहतो. एखाद्या साली पाऊस अधिक पडतो. 'आम्ही काय केले' आणि 'पाण्यात काय झाले' हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवले, की निर्णयकर्त्यास काम फत्ते झाल्याचा भास होतो, आणि पुढचा निधी, पुढचा कायदा लांबणीवर पडतो.

या टीकेनंतर कार्यक्रमाने आपला वार्षिक अहवाल दोन स्वतंत्र भागांत विभागला. एका भागात केवळ मोजमापांवर आधारित खाडीची प्रकृती, तर दुसऱ्यात पुनरुज्जीवनाच्या कामांचा हिशेब. सुधारणा दिसायला साधी आहे, पण या साऱ्या शास्त्राचा पाया तीच आहे.

प्रगतिपुस्तक कसे तयार होते?

याच सुमारास मेरिलँड विद्यापीठाच्या पर्यावरण विज्ञान केंद्राने चेसापीकचे वार्षिक प्रगतिपुस्तक काढण्यास आरंभ केला. शाळेतल्या मुलाला मिळतात तशा ए, बी, सी, डी आणि एफ या श्रेणी खाडीला द्यायच्या, ही कल्पना. तत्पूर्वी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या मोरेटन उपसागरासाठी ती यशस्वीपणे वापरली गेली होती, आणि तेथील कामात अग्रभागी असलेले शास्त्रज्ञ विल्यम डेनिसन पुढे मेरिलँडच्या या केंद्रात आले.

श्रेणी काढण्याची रीत अशी. प्रथम मोजके निर्देशक निवडतात : विरघळलेला प्राणवायू, नायट्रोजन, फॉस्फरस, शेवाळाचे प्रमाण दर्शविणारे हरितद्रव्य, पाण्याची पारदर्शकता, पाण्याखालील गवत आणि तळातील जीवसृष्टी. प्रत्येकासाठी सजीवांच्या गरजेनुसार एक उंबरठा ठरवितात. मग नमुन्यांपैकी किती त्या उंबरठ्याच्या योग्य बाजूस आहेत, यावरून ० ते १०० असे गुण दिले जातात. खाडीचे १५ विभाग पाडून प्रत्येकाचे गुण स्वतंत्र काढतात आणि क्षेत्रफळाच्या प्रमाणात त्यांची बेरीज करून संपूर्ण खाडीची श्रेणी ठरते. ४० ते ६० गुणांना सी, ६० ते ८० गुणांना बी, अशी ही वाटणी असते.

२०२३ सालच्या मोजमापांवरून चेसापीकला ५५ गुण, म्हणजे सी-अधिक श्रेणी मिळाली. २००२ नंतरची ती सर्वोत्तम होती. पुढच्याच वर्षाच्या मोजमापांत ती ५० गुणांवर, म्हणजे सी श्रेणीवर उतरली. एवढ्यावरून सुधारणा थांबली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पाऊस आणि उष्णता यांच्या लहरींनी एका वर्षाचे गुण वरखाली होतात. यास्तव चांगल्या प्रगतिपुस्तकात यंदाच्या श्रेणीशेजारी अनेक वर्षांचा कल दाखविणारी रेषा असतेच.

या पद्धतीचे खरे बळ विभागवार श्रेणीत आहे. 'संपूर्ण खाडी मध्यम अवस्थेत' या वाक्याने कोणीही अस्वस्थ होत नाही. पण बाल्टिमोर शहरालगतच्या नद्या वर्षानुवर्षे तळाच्या श्रेणींत राहतात आणि शेजारचा विभाग वर चढतो, हे नकाशावर दिसले, की तेथील नगरसेवकास मतदार प्रश्न विचारू लागतात.

बुटांची खूण आणि शेवाळाचा नकाशा

सादरीकरण म्हणजे केवळ श्रेणी नव्हे. चेसापीकला मिळणाऱ्या पटक्सेंट नदीच्या काठी वाढलेले मेरिलँडचे सिनेटर बर्नी फाउलर यांनी एक निराळाच मापदंड रूढ केला. तरुणपणी छातीएवढ्या पाण्यात उभे राहिले तरी आपली पावले दिसत, ही त्यांची आठवण. १९८८ पासून दर जूनमध्ये ते पांढरे बूट घालून लोकांसह नदीत उतरू लागले. बूट दिसेनासे होईपर्यंत चालत जायचे आणि तेथील पाण्याची खोली मोजपट्टीने नोंदवायची. 'स्नीकर इंडेक्स' म्हणून हे माप प्रसिद्ध झाले. शास्त्रज्ञ पारदर्शकतेसाठी जी तबकडी पाण्यात सोडतात, ती १८६५ मध्ये इटालियन धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी वापरात आणली. बुटांचे मापही त्याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच, की ते समजण्यास पदवी लागत नाही. २०२१ मध्ये फाउलर यांचे निधन झाले.

मोरेटन उपसागरातील उदाहरण याहून थेट निर्णयाशी जोडलेले आहे. तेथे वाद होता, की उपसागरातील नायट्रोजन शहराच्या मैलापाण्यातून येतो की अन्य मार्गांनी. प्रक्रिया केलेल्या मैलापाण्यातील नायट्रोजनमध्ये त्याच्या जड समस्थानिकाचे प्रमाण अधिक असते. शास्त्रज्ञांनी लाल शेवाळाचे तुकडे उपसागरात ठिकठिकाणी काही दिवस टांगून ठेवले, मग त्यांतील हे प्रमाण मोजले आणि नकाशावर रंगविले. नदीमुखाजवळ मैलापाण्याचा पसरलेला पट्टा त्यात स्पष्ट दिसला. प्रक्रिया केंद्रांतून नायट्रोजन काढून टाकण्याची व्यवस्था झाल्यावर पुन्हा केलेल्या नकाशांत तो पट्टा आकसलेला आढळला. एका नकाशाने कारण दाखविले आणि दुसऱ्याने खर्चाचे फळ.

निकष कोणासाठी?

आकड्याला अर्थ येतो तो उपयोगाशी जोडल्यावर. २००३ मध्ये ईपीएने चेसापीकसाठी प्राणवायूचे निकष ठरविताना खाडीचे सजीवांच्या वास्तव्यानुसार पाच भाग केले. मोकळ्या पाण्यात मासे फिरतात, तेथे ३० दिवसांची सरासरी लिटरमागे ५ मिलिग्रॅम असावी. खोल पाण्यात ३ मिलिग्रॅम. आणि सर्वांत खोल पात्रात, जेथे गाळातले कृमी व शिंपले राहतात, तेथे उन्हाळ्यात कोणत्याही क्षणी १ मिलिग्रॅमहून कमी नसावी. ३ हा आकडा चांगला की वाईट, हे तेथे कोण राहते यावर अवलंबून असते. २०१० च्या अखेरीस ईपीएने वर्षाला सुमारे ८४ हजार टन नायट्रोजन आणि साडेपाच हजार टनांहून थोडा अधिक फॉस्फरस एवढीच मर्यादा संपूर्ण खोऱ्यासाठी घालून दिली, ती याच निकषांच्या पूर्ततेसाठी.

त्यासाठीची २०२५ ची मुदत पूर्णतः पाळता आली नाही. तथापि, २०२३ मध्ये कार्यक्रमाच्याच शास्त्रीय सल्लागार समितीने शेतांतून येणारे प्रदूषण अपेक्षेइतके घटत नसल्याचे उघडपणे मांडले आणि जीवसृष्टीला अधिक लाभ होईल अशा उथळ पाण्याकडे लक्ष देण्याची सूचना केली. २००५ मध्ये जे बाहेरच्या तपासनिसाला सांगावे लागले होते, तशा प्रकारचे सत्य आता यंत्रणा स्वतः सांगू लागली, हा सादरीकरणातील बदलाचा मोठा लाभ होय.

आपल्या किनाऱ्यावर

आपल्याकडेही उपयोगाधारित निकष आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार किनारी पाण्याचे पाच वर्ग पडतात. पहिला वर्ग मिठागरे, शिंपले-संवर्धन व संवेदनशील परिसंस्थांसाठी, दुसरा स्नान, जलक्रीडा व व्यापारी मासेमारीसाठी, तिसरा औद्योगिक शीतकरण व पाण्याशी थेट संपर्क नसलेल्या करमणुकीसाठी, चौथा बंदरांसाठी, आणि पाचवा नौकानयन व नियंत्रित सांडपाणी विसर्गासाठी. दुसऱ्या वर्गात प्राणवायू लिटरमागे ४ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या ५० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढा हवा आणि विष्ठाजन्य जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये १०० पर्यंतच असावेत.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आपल्या केंद्रांवरील मोजमापांतून जल गुणवत्ता निर्देशांक काढते. प्राणवायू, विष्ठाजन्य जिवाणू, सामू आणि जैविक प्राणवायू मागणी या चार घटकांना ठरावीक वजन देऊन येणारे गुण ६३ हून अधिक असल्यास पाणी 'उत्तम ते चांगले' आणि ३८ वा त्याहून कमी असल्यास 'वाईट ते अतिवाईट' गणले जाते. एका आकड्यात स्थिती सांगण्याचा हा स्तुत्य प्रयत्न आहे. मात्र या निर्देशांकाचा मूळ आराखडा १९७० च्या सुमारास अमेरिकेत गोड्या पाण्यासाठी झाला होता, हे खाडीच्या बाबतीत ध्यानी ठेवावे लागते. २८ अंश तापमानाला गोड्या पाण्यात सुमारे ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.४ मिलिग्रॅमच. म्हणजे ५ हा आकडा नदीत एक सांगतो आणि खाडीत दुसरे. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे रासायनिक प्राणवायू मागणीची चाचणीही फसवा चढा आकडा देऊ शकते.

वसई, ठाणे, धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांच्या काठी महानगरे, औद्योगिक वसाहती आणि मच्छीमारांची गावे शेजारी शेजारी आहेत. महाडचे उद्योग सावित्रीकाठी, लोटे परशुरामचे वाशिष्ठीच्या खोऱ्यात, रोह्याचे कुंडलिकेकाठी. ठाणे खाडीत २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. एकाच खाडीत पक्षी, जहाजे, सांडपाणी आणि तिसऱ्या-कालवे वेचणाऱ्या स्त्रिया असतील, तर कोणत्या भागाला कोणत्या वर्गाचा निकष लावायचा हे आधी ठरवून नकाशावर आखणे, ही सादरीकरणाची पहिली पायरी ठरते.

सादरीकरणाची पथ्ये

या अनुभवांतून काही पथ्ये निघतात.

१. पाण्याची स्थिती आणि केलेली कामे यांचे हिशेब वेगळ्या पानांवर मांडावेत. प्रक्रिया केंद्र उभारले, हे पाणी सुधारल्याचे प्रमाण नव्हे.

२. मोजलेला आकडा आणि प्रारूपातून आलेला अंदाज यांतील भेद प्रत्येक आलेखावर ठळकपणे लिहावा.

३. केवळ सरासरीवर विसंबू नये. वर्षातील अकरा महिने प्राणवायू ५ आणि एका महिन्यात ०.५ असला, तर सरासरी ४.६ येते व निकष पाळल्यासारखा दिसतो. त्या एका महिन्यात मासे मात्र मेलेले असतात. किती वेळा निकष मोडला, हे सांगावे.

४. भरती-ओहोटी, ऋतू आणि खोली यांची नोंद आकड्यासोबत असावी. तुलना सारख्या स्थितीतील नमुन्यांचीच व्हावी.

५. पहिल्या पानावर एक नकाशा, एक कल-रेषा आणि चार वाक्ये पुरेत. तपशिलाची कोष्टके जोडपत्रात, पण सर्वांना खुली असावीत. लाल-हिरव्या रंगांतील भेद काहींना कळत नाही. म्हणून रंगासोबत श्रेणीचे अक्षरही छापावे.

६. प्रत्येक निष्कर्षापुढे तो कोणाच्या अधिकारातील बाब आहे, ते लिहावे. मैलापाणी महापालिकेचे, औद्योगिक विसर्ग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कक्षेतला. जबाबदारीचे नाव नसलेला निष्कर्ष कोणाच्याच टेबलावर पोहोचत नाही.

७. श्रेणी देणारी यंत्रणा आणि जिच्या कामावर ती श्रेणी पडते ती यंत्रणा शक्यतो एक नसावी. विद्यापीठे किंवा संशोधन संस्थांनी हे काम करावे.

श्रेणीच्या मर्यादा

प्रगतिपुस्तक म्हणजे निदान नव्हे. पारा, शिसे यांसारखे जड धातू किंवा कीटकनाशके यांचा त्यात समावेश नसेल, तर 'बी' श्रेणीच्या खाडीतील मासळी सुरक्षित आहे असे म्हणता येणार नाही. निर्देशक बदलले की श्रेणी बदलते. त्यामुळे मधेच पद्धत बदलल्यास जुन्या वर्षांचे गुणही नव्या पद्धतीने पुन्हा काढून छापावे लागतात. नमुने कमी असतील, तर श्रेणी न देता 'माहिती अपुरी' असे लिहिणे अधिक प्रामाणिक. आणि प्रगतिपुस्तक दरवर्षी ठरावीक महिन्यात, अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी निघाले पाहिजे. मंजुरी होऊन गेल्यावर आलेल्या उत्तम अहवालाचा त्या वर्षी उपयोग शून्य.

आपल्या खाड्यांच्या पाण्याची मोजमापे वर्षानुवर्षे होत आहेत आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होत आहे. त्यांची किंमत वसूल व्हायची असेल, तर सभागृहात बसलेल्या सदस्याला आपल्या प्रभागालगतच्या पाण्याची यंदाची श्रेणी, तिचे कारण आणि ती सुधारण्याचा खर्च या तीन गोष्टी एका पानावर वाचता आल्या पाहिजेत. ते पान खाडीकाठच्या कोळीवाड्यातही मराठीत लावले गेले, तर त्या सदस्याला प्रश्न विचारणारेही तयार होतील.